गोळी मिळते, ज्ञान मिळत नाही!

कल्याणहून अहिल्यानगरकडे जाणारा हमरस्ता आळेफाटा ओलांडून पूर्वेकडे निघाला, की आणे घाट चढून पठारावर येतो. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशी कुकडी प्रकल्पाची पाच धरणे आहेत. त्या पाण्यावर खालची शेते हिरवीगार झाली, द्राक्षांचे मांडव उभे राहिले, उसाचे फड डोलू लागले. आणे पठार मात्र पावसाच्या तोंडाकडे पाहत बसले आहे. पाणी तालुक्यातच आहे. ते पठारावर चढत नाही, एवढेच! स्त्रियांच्या आरोग्याविषयीच्या ज्ञानाचे आपल्या देशात नेमके हेच झाले आहे. ज्ञान आहे, औषध आहे, सरकारी योजना आहे, कायदाही आहे. पण ज्या बाईसाठी हे सारे आहे, तिच्या उंबरठ्यापर्यंत ते चढून येत नाही. जी वस्तू चढून येते ती म्हणजे गोळी. आणि ज्ञानावाचून आलेली गोळी हाच आमच्या आजच्या लेखाचा विषय आहे.

आणे गावी श्री रंगदासस्वामींच्या यात्रेत आमटी-भाकरीचा महाप्रसाद असतो, हे पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत सर्वश्रुत आहे. मोठमोठ्या कढयांतून आमटी उकळते आणि भाकऱ्या घरोघरीच्या चुलींवर भाजल्या जातात. या भाकऱ्या कोण थापते, हे काय आम्ही सांगावयास हवे? त्या थापणाऱ्या हातांना 'कावळा शिवला', तर मात्र आपल्या रूढीप्रमाणे तेच हात एकाएकी अपवित्र ठरतात! म्हणून एकट्या आण्यातच नव्हे, तर महाराष्ट्रात कोठेही यात्रा आली, गौरी-गणपती आले, नवरात्र किंवा सत्यनारायण ठरला, की औषधाच्या दुकानात एक ठराविक मागणी सुरू होते : 'पाळी पुढे ढकलायची गोळी द्या.' मागणारी बहुधा ती बाई नसतेच. तिचा नवरा असतो, दीर असतो, नाही तर शेजारचे पोरगे असते. देणारा काही विचारीत नाही. घेणारा काही सांगत नाही. चिठ्ठी नाही, तपासणी नाही, रक्तदाब पाहिलेला नाही. एका स्त्रीच्या शरीराचा सारा व्यवहार दोन पुरुषांमध्ये अर्ध्या मिनिटात उरकला जातो.

हे खेड्यातले अज्ञान आहे असे समजून पुण्याच्या किंवा दादरच्या सुशिक्षित वाचकाने सुटकेचा सुस्कारा सोडू नये. सदाशिव पेठेतल्या आणि शिवाजी पार्कच्या घरांतूनही श्रावणापासून दिवाळीपर्यंत हीच गोळी जाते. पदवी घेतलेली सून आणि पदवी घेतलेली सासू यांच्यामध्ये या बाबतीत जो अबोला असतो, तो आण्याच्या पठारावरच्या अबोल्यापेक्षा तसूभरही कमी नसतो. फरक एवढाच, की शहरातल्या बाईच्या पायाला सूज आली तर तासाभरात डॉक्टर भेटतो. पठारावरच्या बाईला आधी वाहन शोधावे लागते.

'गोळी' या एकाच शब्दाखाली आपल्याकडे चार निराळ्या वस्तू विकल्या जातात, हे पहिल्याने ध्यानात घेतले पाहिजे. पहिली, पाळी लांबविण्याची : नॉरएथिस्टेरॉन. दुसरी, गर्भ राहू नये म्हणून रोज घ्यावयाची : सरकारची 'माला-एन' ही त्यांतलीच. तिसरी, संबंधानंतर तातडीने घ्यावयाची : लेव्होनॉरजेस्ट्रेल. चौथी, राहिलेला गर्भ काढण्याची : मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल या जोडीची. या चारींची कामे निराळी, धोके निराळे, नियम निराळे. पण कुजबुजीच्या भाषेत चारींचे नाव एकच, 'ती गोळी'! ज्या समाजात वस्तूचे नाव उच्चारावयास लाज वाटते, त्या समाजात एक वस्तू मागितली असता दुसरी हातात पडली, तर नवल कसले?

पाळी लांबविणारी गोळी घेतली की गर्भही राहत नाही, अशी एक समजूत आहे. ती खोटी आहे. त्या गोळीवर त्या कामासाठी विसंबणाऱ्या बाईची फसगत व्हावयाची. शिवाय या औषधाचा काही अंश शरीरात गेल्यावर इस्ट्रोजेन जातीच्या संप्रेरकात रूपांतर पावतो. ज्या स्त्रीला पूर्वी कधी शिरेत रक्ताची गुठळी झालेली आहे, तिच्या दृष्टीने ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. डॉक्टरांनी विचारपूस करून, क्वचित प्रसंगी दिलेले हे औषध बहुतेकींना निमूट सोसते. पण दरसाल तीन-तीन सणांना, कोणालाही न विचारता ते घेत राहणे, हा देवाच्या नावावर देहाशी खेळलेला जुगार होय.

तिसरी, म्हणजे तातडीची गोळी, संबंधानंतर जितक्या लवकर आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत घ्यावयाची असते. ती गर्भपात करीत नाही. बीजकोशातून बीज बाहेर पडणे ती लांबविते. म्हणून तिच्याभोवती पापाचे जे जाळे विणले गेले आहे, ते निराधार आहे. पण ती नित्याची व्यवस्थाही नव्हे. रोजच्या साधनापेक्षा ती कमी भरवशाची आहे आणि पाळीचे चक्र विस्कटून टाकते. चौथीबद्दल तर कायद्याने स्पष्ट बजाविले आहे, की ती डॉक्टरांच्या देखरेखीवाचून घ्यावयाची नाही. गर्भ पिशवीत नसून नळीत असला, तर या गोळ्यांनी तो जात नाही. पोटात रक्तस्राव होऊन बाई दगावू शकते. १९७१ च्या कायद्याने या देशातील स्त्रीला गर्भपाताचा कायदेशीर मार्ग मिळाला आणि २०२१ च्या दुरुस्तीने तो अधिक रुंद झाला. कायद्याने उघडलेल्या पुढच्या दाराने जाण्याची लाज वाटावी आणि मागच्या दाराने जीव धोक्यात घालावा, ही कसली अब्रू?

आता उरली दुसरी, म्हणजे रोजची गोळी. तिच्याविषयी दोन टोकांच्या अफवा आहेत. एक म्हणते, ती विष आहे. तिने बाई वांझ होते. दुसरी म्हणते, ती चॉकलेटसारखी आहे; कोणीही घ्यावी. दोन्ही अफवा सारख्याच घातक आहेत. गोळीने वांझपण येत नाही. ती थांबविली की गर्भधारणेची शक्ती परत येते. पण तिचे धोके अगदीच काल्पनिक आहेत असेही नाही. गोळी न घेणाऱ्या व गर्भार नसलेल्या १०,००० स्त्रियांमागे वर्षाकाठी १ ते ५ जणींना शिरेत रक्ताची गुठळी होते. गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ३ ते ९ असते. आकडा वाढला हे खरे. पण गर्भारपणात तेच प्रमाण ५ ते २० होते आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या बारा आठवड्यांत ४० ते ६५ इतके चढते, हे त्याच दमात सांगितले पाहिजे. गोळीचा धोका मोजणाऱ्याने नको असलेल्या बाळंतपणाचा धोका तराजूच्या दुसऱ्या पारड्यात घातलाच नाही, तर ते मोजमाप खोटे ठरते. डेन्मार्कमधील स्त्रियांची मोठी पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. तीत संप्रेरकी साधने वापरणाऱ्यांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी अधिक आढळले. म्हणजे वर्षाला एक लाख स्त्रियांमागे सुमारे १३ रोगी अधिक. उलट बीजकोशाच्या आणि गर्भाशयाच्या अंतःत्वचेच्या कर्करोगापासून हीच गोळी काही अंशी संरक्षण देते. हा जमाखर्च शहाण्या माणसाला समजतो. मग तो बाईला समजणार नाही, असे कोणी ठरविले?

खरा प्रश्न गोळी चांगली की वाईट हा नव्हे. ती कोणाला द्यावी आणि कोणाला देऊ नये, हा आहे. रक्तदाब चढलेला असेल, डोळ्यांपुढे चमकून येणारी अर्धशिशी असेल, पूर्वी रक्ताची गुठळी, यकृताचा गंभीर आजार किंवा स्तनाचा कर्करोग झालेला असेल, बाळंतपण नुकतेच होऊन बाळ अंगावर पीत असेल, तर इस्ट्रोजेन असलेली गोळी देऊ नये. क्षयावरील रिफाम्पिसिन आणि फेफऱ्यावरील काही औषधे गोळीचा गुण कमी करतात. ज्या देशात क्षय घरोघर माहीत आहे, तेथे हा प्रश्न पहिल्यांदा विचारला पाहिजे. पुस्तकांत लिहिलेले असते, की पस्तिशी ओलांडलेल्या व सिगारेट ओढणाऱ्या स्त्रीला ही गोळी देऊ नये. आमच्या खेड्यातली बाई सिगारेट ओढीत नाही, म्हणून तो प्रश्नच गाळला जाण्याचा संभव आहे. पण ती पहाटे उठून मिश्री लावते! तंबाखू भाजून केलेली ही भुकटी दातांवर घासणे म्हणजे धूर ओढणे नव्हे, हे कबूल. तरीही तंबाखूतले निकोटीन तिच्या रक्तात जातेच आणि ते रक्तदाब चढविते. तेव्हा जो डॉक्टर 'सिगारेट ओढता का?' एवढेच विचारतो आणि 'मिश्री लावता का?' हे विचारीत नाही, त्याने पुस्तक वाचले आहे; रोगी पाहिलेला नाही.

गोळी घेणाऱ्या प्रत्येकीला धोक्याच्या खुणा तोंडपाठ हव्यात. एका पोटरीत दुखून सूज येणे, छातीत कळ येणे, एकाएकी दम लागणे, पूर्वी कधी नव्हते असे डोके दुखणे, नजर अंधुक होणे : यांपैकी काहीही झाले तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. एक गोळी चुकली तर आठवताक्षणी घ्यावी. दोन किंवा अधिक चुकल्या तर गोळ्या पुढे चालू ठेवून सात दिवस निरोधाचा आधार घ्यावा. आणि संसर्गजन्य गुप्तरोगांपासून गोळी काडीचेही रक्षण करीत नाही. ते काम निरोधाचेच आहे. एवढे सांगावयास दहा मिनिटे लागतात. पण ती दहा मिनिटे कोणापाशी नाहीत!

माहिती दडवून औषध द्यावयाचे, ही खोड या गोळीला जन्मापासून लागलेली आहे. १९५६ साली पोर्तो रिको बेटावरील गरीब वस्तीत तिची मोठी चाचणी झाली. आपल्यावर प्रयोग चालला आहे, हे तेथील स्त्रियांना धड सांगण्यात आले नव्हते. चाचणी पाहणाऱ्या डॉक्टर एड्रिस राइस-रे यांनी सतरा टक्के स्त्रियांना त्रास झाल्याचे कळविले, पण त्यांचे म्हणणे बाजूला सारले गेले. १९६० साली अमेरिकेने गोळीला गर्भनिरोधक म्हणून मान्यता दिली. त्या पहिल्या गोळीत आजच्या गोळीच्या कितीतरी पट संप्रेरके होती. पुढे १९७० साली अमेरिकन सिनेटमध्ये गोळीच्या सुरक्षिततेची चौकशी झाली, तेव्हा ती गोळी घेणाऱ्या एकाही स्त्रीची साक्ष काढण्यात आली नव्हती. तरुण स्त्रिया सभागृहातच उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी जाब विचारला. त्या गदारोळातूनच औषधाच्या वेष्टनात रोग्यासाठी माहितीपत्रक घालण्याचा नियम जन्माला आला. तात्पर्य, गोळी सुरक्षित झाली ती प्रयोगशाळेत जेवढी, तेवढीच स्त्रियांनी प्रश्न विचारल्यामुळे!

आणि प्रश्न विचारण्याची परंपरा महाराष्ट्राला परकी आहे काय? रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. त्याच वर्षी लंडनला मेरी स्टोप्स यांचे केंद्र निघाले होते. म्हणजे या एका बाबतीत तरी आम्ही जगाच्या मागे नव्हतो. या मतांपायी कर्व्यांना विल्सन कॉलेजातील गणिताची प्राध्यापकी गमवावी लागली. १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक एकहाती चालविले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरे दिली, या अपराधासाठी त्यांच्यावर खटले झाले आणि १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. कर्वे खटला हरले. पण ज्या प्रश्नांसाठी ते कोर्टात उभे राहिले, ते प्रश्न आजची मुलगी आपल्या आईला विचारू शकत नाही. मग हरले कोण? कर्वे, की आपण?

सरकारचाही हिशेब मांडला पाहिजे. १९५२ साली कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेणारा भारत हा जगातला पहिला देश. पण या कार्यक्रमाने स्त्रीला माणूस न मानता आकडा मानले. १९७६ साली तर याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते अमलात आले नाही. त्या सक्तीची धास्ती आजही पुरुषांच्या मनात आहे आणि तिचा भुर्दंड स्त्रिया भरीत आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे पाहा. विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्क्यांनी शस्त्रक्रिया करून घेतलेली, पुरुष-नसबंदी ०.३ टक्के! गोळी वापरणाऱ्या ५.१ टक्के आणि निरोधाचा आधार असलेल्या ९.५ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी व अधिक निर्धोक असूनही सुरीखाली जावयाचे ते बाईनेच. गोळी गिळावयाची तीही बाईनेच, आणि गोळी चुकली तर बोलणी खावयाची तीही बाईनेच!

गोळीपलीकडे पाहिले तर अंधार आणखी दाट आहे. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून तिचे निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना प्रजननसंस्थेचा एक तरी आजार होता. आणि तोपर्यंत त्या दृष्टीने तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. जगातल्या वैद्यकाला धक्का देणारे हे सत्य एका मराठी डॉक्टरणीने मराठी मातीत शोधले. पुढे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांवर झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविले, की एचपीव्हीची आयुष्यात एकदा केलेली तपासणीही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने कमी करू शकते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने साध्या शिक्षणाच्या, पण नीट तयार केलेल्या कार्यकर्त्यांकडून व्हिनेगरच्या साध्या चाचणीने तपासणी करविली. तेथेही या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. म्हणजे पैसा नाही, यंत्रे नाहीत, तज्ज्ञ नाहीत, ही सबब महाराष्ट्रानेच खोटी ठरविलेली आहे.

तेव्हा आमचे म्हणणे साधे आहे. आशा कार्यकर्ती २०११ पासून घरपोच गोळ्या आणि निरोध देते. तिच्या पिशवीत गोळ्यांबरोबर रक्तदाब मोजण्याचे यंत्र असलेच पाहिजे आणि त्या दहा प्रश्नांची मराठी यादीही. त्या यादीत मिश्रीचा प्रश्न असलाच पाहिजे. पाकिटातले माहितीपत्रक मोठ्या टाइपात, सोप्या मराठीत हवे; मुंगीच्या पावलांएवढ्या इंग्रजी अक्षरांत नको. औषधविक्रेत्याने पाळी लांबविणारी आणि गर्भ काढणारी गोळी चिठ्ठीवाचून देऊ नये. आणि चिठ्ठी मिळावी म्हणून आण्यासारख्या पठारावरच्या गावी ठरलेल्या वारी स्त्री-डॉक्टर बसलीच पाहिजे. आण्याच्या, नळवण्याच्या किंवा पेमदऱ्याच्या बाईने पाळीविषयी दोन शब्द बोलावयास रोजगार बुडवून घाट उतरावा, अशी अपेक्षा करणे ही क्रूर थट्टा आहे. दुकानावर सक्ती आणि दवाखान्यात कुलूप अशी व्यवस्था झाली, तर चोरवाटा तेवढ्या वाढतील.

सरकार जे करू शकत नाही, ते मात्र आपल्यालाच केले पाहिजे. पाळी आलेली बाई अपवित्र नसते, हे एकदा घरातल्या पुरुषाने मोठ्याने म्हणावे. तसे म्हणावयाला अर्थसंकल्पात तरतूद लागत नाही, मंत्र्याची सही लागत नाही. ज्या घरात हे वाक्य उच्चारले जाईल, त्या घरात पाळी ढकलण्याच्या गोळीची गरजच उरणार नाही. हजारो माणसांना एका पंगतीला बसवून जात-पात न विचारता आमटी-भाकरी वाढणारी आमची यात्रा-परंपरा थोर आहे, यात शंका नाही. पण ज्या दिवशी भाकरी थापणाऱ्या बाईला, आज तुझे कितवे दिवस, असे कोणी विचारणार नाही, त्या दिवशी ती पंगत खरोखर पूर्ण झाली, असे आम्ही मानू. पठारावर पाणी चढवावयास पंप लागतात, वीज लागते, वर्षे लागतात. ज्ञान चढवावयास फक्त तोंड उघडावे लागते. ते सुशिक्षितांनी प्रथम आपल्या घरात उघडावे!